हसायचे कोणाला?

(दारव्हा येथे एका व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा लेखी मजकूर)



‘एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच राजकीय व्यंगचित्रे’ हा विषय निमंत्रणपत्रिकेवर वाचून आपल्यापैकी अनेकांना नवल वाटले असेल. कापसाचा भाव, पीकविमा, बंद पडलेली शकुंतला रेल्वे असे कितीतरी प्रश्न दारव्ह्याच्या माणसापुढे उभे आहेत. अशा वेळी जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये कोणी कोणाचे नाक वाकडे काढले याची चर्चा कशासाठी, असे कोणी विचारले तर तो प्रश्न रास्तच म्हणावा लागेल.

परंतु हा विषय आपल्याला वाटतो तितका परका नाही. पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहतात. मानकऱ्याची जोडी पुढे असते. वर्षभर मान खाली घालून राबणारा गडी त्या दिवशी चारचौघांत उभा राहून झडती म्हणतो. त्या झडतीत पाटील येतो, सावकार येतो, सोसायटीचा अध्यक्ष येतो, आमदार येतो आणि दिल्लीचे सरकारही येते. ज्याच्यावर झडती बसते त्याने रागवायचे नसते, हा त्या दिवसाचा अलिखित कायदा. हे एका दिवसाचे स्वातंत्र्य आपल्या पूर्वजांनी का राखून ठेवले असेल, याचा विचार आपण क्वचितच करतो.

मला आज एवढेच मांडायचे आहे की, हसणे ही निरुपद्रवी गोष्ट नव्हे. समाजात कोण हसतो आणि कोणाला हसतो, यावरून त्या समाजाची राजकीय प्रकृती ओळखता येते. वरच्याला हसण्याची वाट बंद केली म्हणून हसणे थांबत नाही. पाण्यासारखे ते उतार शोधते आणि खालच्याच्या अंगावर जाऊन पडते. फ्रान्समध्ये हे घडले, महाराष्ट्रातही घडले. म्हणून आधी फ्रान्सची हकीकत सांगतो आणि मग घराकडे वळतो.

राजा आणि नाशपाती

१८३० च्या जुलैमध्ये पॅरिसच्या कामगारांनी, कारागिरांनी आणि विद्यार्थ्यांनी रस्त्यांत अडथळे उभारून दहाव्या चार्ल्स राजाला पळवून लावले. रक्त सांडले ते कष्टकऱ्यांचे. सत्ता मात्र बँकवाले, कारखानदार आणि मोठे जमीनमालक यांच्या हाती गेली. त्यांनी लुई फिलिप याला गादीवर बसवले. हा राजा छत्री घेऊन रस्त्याने फिरत असे आणि स्वतःला नागरिकांचा राजा म्हणवून घेत असे. नव्या सनदेच्या सातव्या कलमात, मुद्रणावरील पूर्वनियंत्रण पुन्हा कधीही आणले जाणार नाही, असे स्पष्ट आश्वासन होते.

त्या आश्वासनावर विसंबून शार्ल फिलिपाँ या तरुण चित्रकाराने नोव्हेंबर १८३० मध्ये ‘ला कारिकात्यूर’ हे साप्ताहिक आणि दोन वर्षांनी ‘ल शारिवारी’ हे दैनिक सुरू केले. शारिवारी या शब्दाचा अर्थ आपल्या लोकांना चटकन कळेल. गावाला न रुचलेले काही कोणी केले, म्हणजे म्हाताऱ्याने कोवळ्या मुलीशी लग्न लावले किंवा तसेच काही, तर गावकरी रात्री त्याच्या दारापुढे पातेली, पळ्या, झारे बडवत गोंधळ घालीत. त्या गोंधळाचे नाव शारिवारी. आपला शिमगाच म्हणा. फिलिपाँने हा शिमगा कागदावर आणला.

त्याच्या हाताशी एक नवे साधन होते. शिळाछापाची कला अठराव्या शतकाच्या अखेरीस बव्हेरियात आलोइस झेनेफेल्डर याने शोधून काढली होती. गुळगुळीत चुनखडीवर तेलकट खडूने चित्र काढायचे, दगड पाण्याने ओला करायचा, शाई फिरवायची. पाणी पिऊन बसलेला भाग शाई घेत नाही, खडूची रेषा तेवढी घेते. लाकडावर किंवा तांब्यावर कोरत बसण्याचा वेळ वाचला. सकाळी घडलेल्या गोष्टीचे चित्र थोडक्या अवधीत आणि थोडक्या खर्चात हजारो हातांत पडू लागले. ज्यांना वाचता येत नव्हते असे लोकही दुकानाच्या काचेपुढे गर्दी करून ती चित्रे पाहत. हीच कला आपल्याकडेही त्याच सुमारास आली होती. १८३१ साली गणपत कृष्णाजींनी मुंबईत शिळाछापावर मराठी पंचांग छापले. त्याच साली पॅरिसमध्ये त्याच प्रकारच्या दगडावर राजाचे डोके नाशपातीच्या फळासारखे दिसू लागले.

नाशपातीची गोष्ट अशी. राजाचा अपमान केल्याच्या आरोपावरून नोव्हेंबर १८३१ मध्ये फिलिपाँवर खटला भरला गेला. बचाव करताना त्याने न्यायालयातच चार चित्रे काढली. पहिल्यात राजाचे हुबेहूब डोके, दुसऱ्यात गाल जरा लोंबलेले, तिसऱ्यात आणखी, आणि चौथ्यात निव्वळ नाशपाती. त्याचे म्हणणे असे की, पहिले चित्र गुन्हा नसेल तर दुसरे कसे? आणि साम्य दिसते एवढ्यावरून शिक्षा करायची असेल, तर बाजारातली सर्व फळे पकडून आणावी लागतील. पॅरिसच्या बोलीत नाशपाती म्हणजे बावळट माणूस, हेही सर्वांना ठाऊक होते. फिलिपाँला सहा महिन्यांची कैद आणि दोन हजार फ्रँक दंड झाला. पण पोरे शहरातल्या भिंतींवर नाशपाती काढू लागली. पुढे १८३४ मध्ये ‘शारिवारी’ने आपल्याविरुद्धचा निकाल छापावा असा हुकूम झाला, तेव्हा फिलिपाँने तो हुकूम अक्षरशः पाळला. फक्त निकालाच्या ओळी अशा जुळवल्या की, सबंध मजकुराचा आकार नाशपातीचा झाला.

दोमिए

फिलिपाँच्या भोवती जे चित्रकार जमले त्यांत ओनोरे दोमिए हा सर्वांत मोठा. १८०८ साली मार्सेय येथे एका काचकाम करणाऱ्याच्या घरी त्याचा जन्म झाला. दारिद्र्य त्याने पुस्तकातून शिकलेले नव्हते. डिसेंबर १८३१ मध्ये त्याने ‘गार्गांत्युआ’ हे चित्र काढले. प्रचंड देहाचा राजा सिंहासनावर बसला आहे. सिंहासनाची बैठक शौचकूपाची आहे. फाटक्या कपड्यांतले लोक टोपल्यांत नाणी टाकतात, हमाल त्या टोपल्या फळीवरून चढून राजाच्या तोंडात रित्या करतात आणि खालून बाहेर पडतात त्या सनदा, पदव्या, नेमणुका; त्या गोळा करायला आमदारमंडळी टपून बसलेली. करांचा पैसा कोठून येतो आणि कोठे जातो, हे सांगायला अर्थशास्त्राचे शंभर पानी पुस्तक लागले असते. दोमिएने ते एका दगडावर सांगितले आणि त्याबद्दल सहा महिने कैद भोगली.

दंडामागून दंड होऊ लागले तेव्हा फिलिपाँने एक योजना काढली. तिचा आपण कार्यकर्त्यांनी विशेष विचार करावा. वाचकांनी महिन्याला एक फ्रँक वर्गणी द्यायची, त्याबदल्यात त्यांना एक मोठे चित्र मिळायचे आणि जमलेला पैसा दंडापोटी भरायचा. ऑगस्ट १८३२ पासून अशी चोवीस चित्रे निघाली. चित्रकाराचे धैर्य एकट्याचे नव्हते. त्याच्यामागे वर्गणीदार उभे होते.

त्या मालिकेतले शेवटचे चित्र आता सांगतो. एप्रिल १८३४ मध्ये ल्यों शहरातले रेशीम विणकर मजुरीच्या आणि संघटनेच्या हक्कासाठी उठले. जगभर मिरवणारे रेशीम विणणारी ही माणसे स्वतः अर्धपोटी राहत. तोफा लावून हा उठाव चिरडण्यात आला. त्याचे पडसाद पॅरिसमध्ये उमटले. १५ एप्रिलला पहाटे त्रान्सनोनॅं नावाच्या गल्लीतील बारा क्रमांकाच्या घरातून गोळी सुटली असे म्हणत सैनिक आत शिरले आणि त्यांनी झोपेतून उठलेल्या बारा रहिवाशांना ठार केले.

दोमिएच्या चित्रात सैनिक नाहीत, बंदुका नाहीत, राजा नाही. एक खोली आहे. विस्कटलेला बिछाना आहे. त्याला टेकून रात्रीच्या सदऱ्यातला एक माणूस मरून पडला आहे आणि त्याच्या देहाखाली एक लहान मूल आहे. एका बाजूला म्हाताऱ्याचे डोके दिसते, अंधारात एका स्त्रीचे प्रेत. खाली फक्त गल्लीचे नाव आणि तारीख. या चित्राला हसणे शक्य नाही, आणि तरीही ते त्याच व्यंगचित्रकाराचे, त्याच मालिकेतले आहे. राजाला नाशपाती म्हणणारा हात किती गंभीर होता हे या खोलीपाशी येऊन कळते. ज्याला या मूलाबद्दल दुःख होते त्यालाच त्या राजाला हसण्याचा अधिकार होता.

सरकारने हाती लागतील तेवढे छापे जप्त केले. पुढच्या वर्षी जुलैमध्ये राजाच्या हत्येचा प्रयत्न झाला. राजा वाचला, पण त्या निमित्ताचा लाभ घेऊन सप्टेंबर १८३५ मध्ये नवे कायदे आले. कोणतेही चित्र छापण्याआधी सरकारची परवानगी लागेल असे ठरले. मग सातव्या कलमाचे काय? मंत्र्यांनी उत्तर दिले की, सनदेने मत छापण्याचे स्वातंत्र्य दिले आहे; चित्र हे मत नव्हे, ती कृती आहे, ते डोळ्यांना उद्देशून असते आणि माणसाला चिथावते. या युक्तिवादाचा अर्थ नीट ध्यानात घ्या. लेख वाचणारा सुशिक्षित असतो, मालमत्तावाला असतो. त्याने थोडीफार टीका वाचली तर चालेल. चित्र मात्र निरक्षराला समजते, आणि निरक्षराला समजणे हाच धोका. ‘ला कारिकात्यूर’ बंद पडले. ‘शारिवारी’ जगले, पण राजकारण सोडून.

मग हसणे कोठे गेले?

आता मी ज्यासाठी हा इतिहास सांगत होतो तेथे येतो. दोमिए थांबला नाही. पुढची कित्येक दशके तो काढीत राहिला. त्याच्या एकूण शिळाछाप चित्रांची संख्या चार हजारांच्या घरात जाते. राजा काढता येईना तेव्हा त्याने रोबेर माकेर नावाचा एक भामटा काढला. आज कंपनीचा प्रवर्तक, उद्या वकील, परवा वैद्य. भागभांडवल गिळणाऱ्या त्या युगाचे ते उत्तम चित्रण होते. वकील आणि न्यायाधीश यांच्यावरही त्याने झोड उठवली. इथवर त्याचा हात वरच्याकडेच होता.

परंतु १८४४ साली त्याने लेखन-वाचन करणाऱ्या स्त्रियांची टिंगल करणारी चाळीस चित्रांची मालिका काढली. बाई पुस्तकात गुंग, पोर टबात पालथे पडलेले, नवरा पाटलोणीला गुंडी लावीत बसलेला, असा सगळा मासला. १८४९ साली तर त्याने समाजवादी स्त्रियांवरच मालिका केली. सभा भरवणाऱ्या, हक्क मागणाऱ्या बायका त्याला हास्यास्पद वाटल्या. आदल्याच वर्षीच्या क्रांतीने पुरुषांना मताधिकार दिला होता आणि स्त्रियांना नाकारला होता, हे त्या हशात कोणाच्या लक्षात आले नाही.

ज्याने त्रान्सनोनॅं गल्लीतली खोली काढली त्याच हाताने हेही काढले. दोमिएबद्दलचा माझा आदर यामुळे कमी होत नाही; पण आपल्याला त्यातून शिकायचे आहे. त्याच्यात आधीपासून असलेला पुरुषी अहंकार बंदीने निर्माण केला असे मी म्हणणार नाही. बंदीने एवढेच केले की, वरच्या दिशेचा बाजार बंद केला आणि खालच्या दिशेचा उघडा ठेवला. सत्तेला एवढेच पुरते. लोकांनी हसू नये असे तिला वाटत नाही. लोकांनी एकमेकांना हसत राहावे एवढेच तिला हवे असते.

शारिवारी मराठीत येते

फिलिपाँच्या पत्राचे वंशज आपल्या देशातही आले. लंडनला १८४१ मध्ये ‘पंच’ निघाले. त्याने स्वतःला लंडनची शारिवारी असे उपनाव घेतले होते. मुंबईत १८५४ साली ‘पारसी पंच’ निघाले आणि १८७० च्या दशकात ठाण्याच्या अरुणोदय छापखान्यातून ‘हिंदुपंच’ निघू लागले. मुंबई-पुण्याच्या सुशिक्षितांना या पत्राने बरीच वर्षे हसवले.

पण वर पाहून हसण्याची मुभा किती होती? १८७० मध्ये भारतीय दंडविधानात राजद्रोहाचे १२४-अ हे कलम घालण्यात आले. त्यात बोललेल्या आणि लिहिलेल्या शब्दांबरोबरच डोळ्यांना दिसणाऱ्या चित्राचाही उल्लेख होता. पॅरिसच्या मंत्र्यांची भीती कलकत्त्यालाही होती. १८७६ मध्ये नाट्यप्रयोगांवर कायदा आला. १८७८ मध्ये लिटनने देशी भाषांतल्या वृत्तपत्रांपुरता वेगळा कायदा केला. इंग्रजी पत्रांना तो लागू नव्हता. साहेबाने वाचले तर टीका, शेतकऱ्याने वाचली तर चिथावणी, हाच तो न्याय. पुढे खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकातला कीचक लॉर्ड कर्झनसारखा दिसतो म्हणून १९१० मध्ये त्यावर बंदी आली. नाशपाती पौराणिक वेषात आली तरी सरकारने ती ओळखली.

आणि याच काळात मराठी विनोदाने उतार कोठे शोधला? शिकणाऱ्या बाईवर, पुनर्विवाह करणाऱ्या विधवेवर, सुधारकाच्या बायकोवर. १८८६ साली नारायण बापूजी कानिटकरांची ‘तरुणी शिक्षण नाटिका’ आली. स्त्रीने शिकले तर घरादाराची कशी वाताहत होईल, याचे ते विनोदी भविष्यकथन होते आणि पांढरपेशा प्रेक्षकाने त्याला हसून दाद दिली. दोमिएच्या १८४४ सालच्या मालिकेतली बाई नऊवारी नेसून रंगमंचावर आली, एवढाच काय तो फरक. राज्य परक्याचे आणि हसू घरच्या बाईचे!

या हशाला पहिले सणसणीत उत्तर कोठून आले, ते सांगताना मला वऱ्हाडचा अभिमान वाटतो. ते आले बुलढाण्याहून. १८८१ साली सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या एका विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. ती पुढे कमी करण्यात आली. त्या निमित्ताने स्त्रीजातीच्या नीतीवर वृत्तपत्रांतून चिखलफेक सुरू झाली. ती वाचून ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिले. १८८२ साली पुण्यात ते छापले गेले. बुलढाण्याच्या सरकारी कचेरीतल्या हेडक्लार्कची ही मुलगी. स्त्रीवर जे जे दोष लादले जातात ते एकेक उचलून ती पुरुषापुढे आरसा म्हणून धरते. तिचा उपरोध बोचरा आहे, भाषा घरातली आहे आणि रोख सरळ वरच्या दिशेला आहे: शास्त्रांकडे, नवऱ्याकडे, वृत्तपत्राच्या संपादकाकडे आणि स्वतःला सुधारक म्हणवून घेणाऱ्यांकडेही. छापील चित्राच्या परंपरेत नसले तरी हे पुस्तक दोमिएच्या उत्तम चित्रांच्या शेजारी ठेवण्याजोगे आहे.

त्याचे स्वागत कसे झाले? टवाळीने. जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून तिची बाजू घेतली, पण ताराबाईंचे दुसरे पुस्तक आपल्याला मिळाले नाही. फिलिपाँला दंड भरायला वर्गणीदार होते. ताराबाईंना नव्हते.

‘हिंदुपंच’चा शेवटही बोलका आहे. १९०८ साली टिळकांना काळ्या पाण्यावर धाडण्याची शिक्षा झाली, तेव्हा त्यामागे गोखल्यांचा हात असल्याचे सुचवणारा मजकूर या पत्राने छापला. गोखल्यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि १९०९ मध्ये पत्र बंद पडले. शिक्षा देणाऱ्या सरकारवर वार करता येत नव्हता. वार झाला तो आपल्याच एका देशभक्तावर, आणि तोही खोट्या आधारावर. उपरोधाला अतिशयोक्तीची मुभा असते, असत्याची नसते. दोमिएची ती खोली भयंकर आहे, कारण ती खरी होती.

स्वराज्यातले हसू

स्वराज्य आले तेव्हा परकी सत्तेचे भय गेले. पण हसण्याच्या दिशेचा प्रश्न सुटला नाही. आणीबाणी पुकारली गेली त्याच साली, ऑगस्ट १९७५ मध्ये, ‘शंकर्स वीकली’ बंद झाले. पूर्वनियंत्रणाच्या त्याच दिवसांत, डिसेंबर १९७५ मध्ये, अबू अब्राहम यांनी राष्ट्रपती न्हाणीच्या टबात बसूनच वटहुकमांवर सह्या करून देत आहेत असे चित्र काढले. ते आजही लोकांना आठवते, कारण संसदेचे आणि संविधानाचे काय झाले होते ते त्या टबाने सांगितले.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९६० साली मुंबईत ‘मार्मिक’ निघाले. त्याच्या संस्थापक-संपादकाची रेषा समर्थ होती, यात वाद नाही. दिल्लीश्वरांवर आणि मंत्र्यांवर त्या रेषेने पुष्कळ फटके ओढले. परंतु त्याच पानांतून पोटासाठी मुंबईत आलेला दाक्षिणात्य कारकून आणि उडपी हॉटेलवाला यांना हसण्याचे आणि मग हुसकण्याचे लक्ष्य करण्यात आले. मराठी तरुणाच्या बेकारीचे मूळ भांडवलाच्या व्यवहारात होते. त्याला बोट दाखवून दिले गेले ते शेजारच्या बाकावरच्या माणसाकडे. बेकारी तशीच राहिली आणि मुंबईच्या कामगारांची एकजूट मात्र दुभंगली.

मग २०१२ साल आठवा. शंकर यांचे १९४९ मधील एक व्यंगचित्र शालेय पाठ्यपुस्तकात होते: गोगलगायीच्या रूपातल्या संविधानावर बाबासाहेब बसलेले, हातात चाबूक, आणि मागे नेहरू, त्यांच्याही हातात चाबूक. त्यावरून वादळ उठले. सल्लागार योगेंद्र यादव आणि सुहास पळशीकर यांनी राजीनामे दिले आणि पळशीकरांच्या पुणे विद्यापीठातील कार्यालयाची मोडतोड झाली. ती मोडतोड अक्षम्य होती. कागदावरच्या रेषेला उत्तर कागदावरच द्यायचे असते, ही बाबासाहेबांचीच संविधाननिष्ठ शिकवण आहे. परंतु ज्यांना ते चित्र बोचले त्यांना विनोदबुद्धी नाही, असे म्हणून मोकळे होणेही चुकीचे ठरेल. इंग्रजी पत्रांनी बाबासाहेबांना कसे कसे रेखाटले हे उन्नमती श्याम सुंदर यांनी २०१९ मध्ये पुस्तकरूपाने एकत्र मांडले. ती चित्रे एकामागून एक पाहिली की ध्यानात येते, हसणारे हात सवर्णांचे होते. ज्या माणसाच्या समाजाला विहिरीवर पाणी भरू दिले जात नव्हते, त्याला मंत्रिपदावर बसलेला पाहून हसणे आणि मंत्र्याला हसणे, यांतला फरक त्या काळच्या व्यंगचित्रकारांना नेहमीच कळला असे दिसत नाही.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मुंबईत असीम त्रिवेदी या तरुण व्यंगचित्रकाराला राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. राजमुद्रेवरच्या सिंहांच्या जागी त्याने लांडगे काढले होते. मार्च २०१५ च्या निकालात मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले की, या चित्रांत विनोद किंवा उपरोध नाही, भ्रष्टाचाराबद्दलचा संताप आणि तिटकारा आहे. पण तेवढ्यावरून त्याच्या अभिव्यक्तीवर गदा आणता येत नाही. मला यातला पहिला भाग वाचून दोमिएची ती खोली आठवली. विनोद तिच्यातही नव्हता. १२४-अ हे कलम मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थगित केले. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत त्याच्या जागी १५२ वे कलम आले आहे. राजद्रोह हा शब्द गेला. डोळ्यांना दिसणाऱ्या चित्राचा उल्लेख मात्र तेथेही आहे.

आपल्या गावची खोली

मित्रहो, आता अगदी घरी येऊ. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते. काळ्या मारबतीची परंपरा १८८१ पासूनची सांगतात. तिच्याबरोबर बडग्यांचे पुतळे असतात. कोणी महागाईचा, कोणी लाचखाऊ अधिकाऱ्याचा, कोणी फसव्या आश्वासनांचा. कागदचिंध्यांतून उभे केलेले हे दोमिएचे भाऊबंदच आहेत. गंमत अशी की, फ्रान्सने ज्या कायद्याने चित्रांवरचे पूर्वनियंत्रण कायमचे उठवले तो कायदाही १८८१ सालचाच. आम्ही मात्र सगळ्या इडापिडेचे रूप म्हणून याही मिरवणुकीत बाईच निवडली. हा प्रश्न आमच्या भगिनींनी आम्हाला विचारला पाहिजे.

स्त्रियांनी शारिवारी हाती घेतली की काय होते, हे महाराष्ट्राने एकदा पाहिले आहे. १९७२ नंतर मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी स्त्रिया महागाईविरुद्ध थाळ्या आणि लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. जी लाटणी विनोदी मासिकांच्या मुखपृष्ठांवर नवऱ्याच्या डोक्यात घालण्यासाठी काढली जात, तीच मंत्रालयाकडे वळली. वस्तू तीच, दिशा बदलली.

आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात शिळाछापाचा दगड आहे. मोबाइलवर दिवसाला किती चित्रे येतात ते मोजा आणि त्यांत हसू कोणाचे केले आहे तेही मोजा. कर्जमाफी मागणारा शेतकरी फुकट्या, शिष्यवृत्तीवर शिकणारा मुलगा नालायक, शेजारच्या मोहल्ल्यातला माणूस संशयित, बोलणारी बाई भांडकुदळ. आपण हसतो आणि पुढे पाठवतो. राजा, सावकार, बियाण्यांची कंपनी आणि विमा कंपनी यांना आपल्या हसण्याचा काडीचाही त्रास होत नाही. १८३५ साली फ्रान्सच्या सरकारला कायदा करावा लागला होता. आज बहुतेक वेळा कायद्याचीही गरज पडत नाही. आपणच आपले हसू उताराला लावून दिले आहे.

आणि आपल्या जिल्ह्यातही एक खोली आहे. चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याने १९ मार्च १९८६ रोजी वर्ध्याजवळ आपल्या पत्नी-मुलांसह जीवन संपवले. दरवर्षी त्या तारखेला अनेकजण अन्नत्याग करून त्या कुटुंबाचे स्मरण करतात. तेव्हापासून यवतमाळ जिल्ह्यात अशी किती घरे रिकामी झाली, हे आपल्याला सांगायला नको. तेथे सैनिक आले नव्हते, गोळी सुटली नव्हती. म्हणून मारणाऱ्याचे नाव कोणत्याही पंचनाम्यात नाही. ल्योंच्या विणकराचे आणि आपल्या कापूसवाल्याचे नाते एवढे जवळचे आहे. ज्या शकुंतलेच्या रुळांवरून इथला कापूस परदेशी गिरण्यांकडे गेला, त्या रुळांची मालकी स्वातंत्र्यानंतरही कित्येक दशके विलायती कंपनीकडेच राहिली. याहून कडवे व्यंगचित्र कोणी काढायचे?

ते काढणारी मुले याच गावात आहेत, असा माझा विश्वास आहे. त्यांच्यासाठी आपण दोन गोष्टी करू शकतो. गावातल्या वाचनालयाने एक भिंत त्यांना द्यावी आणि तिच्यावर कोणाचे चित्र लागले तर चालेल, कोणाचे नाही, हे ठरवायला समिती नेमू नये. आणि उद्या त्यांतल्या एखाद्यावर कोणी फिर्याद गुदरली, तर वकिलाचा आणि जामिनाचा खर्च भरायला महिन्याची वर्गणी देणारे शंभर लोक आजच नावे नोंदवून ठेवावेत. बाकी काय काढायचे, ते मुलांना कळेल.

पोळ्याला तोरणाखाली उभे राहाल तेव्हा झडती जरूर म्हणा. फक्त म्हणण्याआधी एकवार पाहून घ्या की, ती ज्याच्यावर बसणार आहे तो आपल्याहून वर उभा आहे की खाली.